सरकता झरोका

घरात वडीलधाऱ्यांची पंचाहत्तरी आली की जुन्या छायाचित्रांची पेटी उघडली जाते. आता ती छायाचित्रे संगणकावर घेऊन त्यांची चित्रमालिका करण्याची चाल पडली आहे. कुटुंब कल्याणचे असो वा जयपूरच्या खातीपुऱ्यात स्थिरावलेले असो, हौस सारखीच. अशा वेळी मुले चित्राला एखादा आकार देतात, मग तो आकार हलवू पाहतात. पण आकाराबरोबर आजीही सरकू लागतात! हवी असते सरकती खिडकी आणि स्थिर चित्र.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर हालचाल करताना पाहून लोक थक्क होत. मुंबईत ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे 7 जुलै 1896 रोजी प्रथम दाखवली गेली. म्हणजे हे खेळ त्यापूर्वीचे.

जादूच्या दिव्यासाठी अनेक देशांत सरकत्या काचा वापरीत. एका काचेवर चित्र असे, ती अचल. तिच्यावरील दुसऱ्या काचेवर काळे ठिपके वा पट्टे असत. ही काच सरकवली की चित्राचा एक भाग झाकला जाई, दुसरा प्रकट होई. हलत असे ते झाकण. डोळ्यांना वाटे, चित्रच हलले.

संगणकावरही तेच करावे. पॉवरपॉइंटमध्ये प्रथम छायाचित्र स्लाइडभर पसरावे. त्यावर लांबी व रुंदी दोन्हींत स्लाइडच्या दुप्पट असा काळा आयत ठेवावा. आयताच्या मध्यभागी हवा तो आकार काढावा. जयपूरच्या मंडळींना 1799 मध्ये बांधलेल्या हवामहालातील झरोक्याची कमान सहज सुचेल. आधी आयत व नंतर तो आकार निवडून, आकार एकत्र करण्याच्या सोयीतून दुसरा पहिल्यातून वजा करावा. आयताला भोक पडते. मग या छिद्रयुक्त आयतालाच गतिमार्ग द्यावा. छायाचित्राला हात लावू नये. आयत दुप्पट असल्याने झरोका कोपऱ्यापर्यंत गेला तरी कडा उघडी पडत नाही.

गती मात्र संथ असावी. झरोका एका चेहऱ्यावर क्षणभर थांबून पुढे गेला, तर पाहणाऱ्याला ओळख पटवण्यास सवड मिळते. घाईने फिरणारी खिडकी नातवंडांना रिझवील, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांचे डोळे शिणवील.

एक दक्षता अवश्य घ्यावी. झाकणे निराळे आणि कातरणे निराळे. फाइल लहान करताना चित्राचा कातरलेला भाग कायमचा पुसण्याचीही सोय असते. घरातील एकुलत्या एका छायाचित्राच्या कडेला उभी असलेली मावशी अशाने कायमची हरवू शकते. म्हणून मूळ चित्र निराळे जपून ठेवावे आणि मगच हा खेळ मांडावा. सोहळा एका संध्याकाळचा असतो. छायाचित्र पुढच्या पिढीचे आहे.