सहावी ते आठवी : शाळेत काय चालतं आणि आपलं तिथं काय काम?



जून आला की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. आधी बियाणं-खत, मग लेकरांच्या वह्या, दप्तर, चपला. पैशाचं बोलणं होतं. पण शाळेत दिवसभर काय चालतं, तिथले नियम काय, असं मी विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं, "ते गुरुजींना माहीत. आपल्याला काय कळतंय त्यातलं?" म्हणून या अंकात त्यावरच लिहिते. सगळ्या शाळेवर नाही, फक्त सहावी, सातवी आणि आठवीवर. कागदावर या वर्गांना उच्च प्राथमिक म्हणतात.

हेच तीन वर्ग का? पहिलीत पोरीचं नाव आता सगळेच घालतात. पण सहावीपासून ती घरच्या कामाला उपयोगी पडायला लागते. धाकट्याला सांभाळते, भाकरी टाकते, कापूस वेचते. शाळाही बऱ्याचदा गावाबाहेर जाते. आणि याच वयात पाळी सुरू होते. या तिन्ही गोष्टी एकदम येतात आणि पोरगी शाळेतून निसटते. एका दिवसात शाळा सुटत नाही. आधी सोमवारी जात नाही, मग आठवडाभर जात नाही, मग "आता मागं पडली, जायला लाजते" असं होतं.

पहिला खड्डा दाखल्याचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक लेकराला फुकट शिक्षण मिळालंच पाहिजे. आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आता कुठल्या गावात शाळा चौथीपर्यंत, कुठं पाचवी, कुठं सातवीपर्यंत. तिथली शाळा संपली की दाखला काढायचा आणि पुढच्या शाळेत नाव घालायचं. पोराचा दाखला त्याच आठवड्यात पुढं जातो. पोरीचा दाखला कधीकधी पेटीत पडून राहतो. जुन्या शाळेच्या हजेरीत ती नाही, नव्या शाळेच्याही नाही. मग तिची गैरहजेरी लावणार कोण? तुमच्या गटात अशी पोरगी असेल तर लक्षात ठेवा : दाखला यायला उशीर झाला किंवा तो नसलाच, तरी शाळेला तिला प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष मध्यावर आलं असलं तरी नाही. शाळा सुटून दोन वर्षं झाली असली तरी तिला वयाप्रमाणेच वर्ग मिळतो. मागं राहिलेला अभ्यास भरून काढायला वेगळं शिकवणं हे शाळेचं काम. जायचं-यायचं अंतर असेल तर एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा पास पाचवीपासूनच्या मुलींना मोफत आहे. 

आता शाळेतला दिवस. सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि २०२३ पासून राज्यगीत. मग मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. शिवाय चित्रकला, कार्यानुभव, खेळ. खेळाचा तास पोरींनाही असतो. "पोरी बसून राहतात" असं ऐकलं तर विचारा, का बसून राहतात. या वर्गांची शाळा वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास भरली पाहिजे. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणिताला, भाषेला, सामाजिक शास्त्राला शिकवणारा किमान एकेक असावा, असं कायदा म्हणतो.

या वर्गांचा हेतू मी माझ्या भाषेत सांगते. पाचवीपर्यंत लेकरू वाचायला शिकतं. सहावीपासून ते वाचून शिकतं. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं पुस्तक वाचूनच समजायचं असतं. सहावीतली पोरगी अडखळत वाचत असेल तर तिच्यासाठी एक नाही, सगळे विषय बंद होतात. हे तपासायला गुरुजी लागत नाहीत. ही पत्रिकाच तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. गणितासाठी गटाची वही पुढे ठेवा. ५,००० रुपये कर्ज, महिना शेकडा १ रुपया व्याज, तीन महिन्यांचं किती? तिच्या पुस्तकात बँक आणि सरळव्याजाचा धडाच आहे. १५० आलं नाही तर रागावू नका, शाळेत जाऊन सांगा. ज्या ताईंना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही पोरगी अडखळते की सरसर वाचते हे ऐकू येतंच.

दुपारचा आहार आठवीपर्यंत असतो आणि तो तर आपल्याच बायकांच्या हातचा. कितीतरी गावांत बचत गट किंवा गटातल्या ताईच शिजवतात. पण प्रमाण सगळ्यांना माहीत नसतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. म्हणजे सहावीतल्या ५० मुलांना साडेसात किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ पडली पाहिजे. मोठी पोरगी "कमी खाते" म्हणून तिच्या ताटात कमी वाढू नका. वाढतं वय तिचंच आहे. आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी रक्तवाढीची, लोह आणि फॉलिक ॲसिडची. "त्या गोळीनं पोट दुखतं" म्हणून पोरी ती खिशात घालून आणतात आणि आपण फेकतो. ती उपाशीपोटी घ्यायची नसते, आहार झाल्यावर घ्यायची असते. एवढं सांगितलं तरी बराच फरक पडतो.

परीक्षेबद्दल गैरसमज फार आहेत. "आठवीपर्यंत नापासच करत नाहीत, मग अभ्यास कशाला" हे आता तसं राहिलं नाही. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर जादा शिकवून पुन्हा परीक्षा घेतात. तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवतात. शाळेतून मात्र काढता येत नाही. आणि सहावी-सातवीत नुसता परीक्षेचा पेपर मोजत नाहीत. तोंडी काम, प्रकल्प, गृहपाठ यांचेही गुण असतात. सतत गैरहजर राहणारी पोरगी शेवटचा पेपर बरा लिहूनही मागे का पडते, ते यावरून कळेल.

मारणं, टोमणे मारणं, वर्गासमोर अपमान करणं, हे सगळं कायद्याने बंद आहे. सरकारी शाळेत फी नाही, प्रवेशासाठी परीक्षा नाही. मुलींची आणि मुलांची स्वच्छतागृहं वेगळी असली पाहिजेत. वेगळी असतात हो, पण कुलूप कुणाकडे असतं आणि आत पाणी असतं का, ते बघा. पाळीच्या चार दिवसांत पोरगी घरी का थांबते, याचं उत्तर बऱ्याचदा त्या कुलपातच असतं. पोरींच्या सुरक्षिततेसाठी १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती कुणाची आहे, विचारा. काही भलतंसलतं घडल्याची शंका आली तर १०९८ हा नंबर लहान मुलांसाठी आहे, फुकट लागतो.

आता आपल्याकडचं खरं दुखणं, म्हणजे हंगाम. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान आहेच. पण जानेवारी ते मार्च काढणी, वेचणी, उकडणं, वाळवणं चालतं तेव्हा वर्गातले बाक कुणाचे रिकामे असतात, ते एकदा जाऊन बघा. दीड महिना पोरगी घरी राहिली तर सदतीस-अडतीस दिवस जातात. २२० मधला हा सहावा हिस्सा झाला आणि तोही वर्षाअखेरचा, परीक्षेच्या तोंडावरचा. मी कुणाला दोष देत नाही. आई मजुरीला गेली तर तान्हं कोण बघणार, हा प्रश्न खरा आहे. पण तो एकेकीने सोडवायचा प्रश्न नाही. तीन वर्षांच्या वरचं लेकरू अंगणवाडीत जाऊ शकतं. त्याहून लहान लेकरांसाठी गटातल्या एखाद्या वयस्कर मावशीकडे हंगामापुरती सोय लावून, प्रत्येकीने रोजचे थोडे पैसे काढून द्यायचे, हे ग्रामसंघात ठरवता येतं. आपण एवढे कर्जाचे ठराव करतो, हा एक त्यात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी दोन वाटा आहेत. एक हंगामी वसतिगृह : आई-बाप बाहेरगावी असताना लेकरू आजी-आजोबांकडे, गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. याची मागणी कोयता निघायच्या आधी, नावांच्या यादीसह करावी लागते. फड गाठल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. दुसरी वाट शिक्षण हमी कार्डाची. लेकरू सोबत न्यावंच लागलं तर शाळेतून हे कार्ड घ्या आणि जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा. आणि हे माहीत असू द्या की सलग महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर राहिलेलं लेकरू शाळाबाह्य धरतात. त्याला परत आणण्याची जबाबदारी शाळेचीही आहे.

हुशार लेकरांसाठी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आपल्या वसमतलाच आहे, तरी कितीतरी ताईंना त्याच्या फाटकापलीकडचं काही माहीत नाही. सहावीत प्रवेश मिळतो, परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि ती एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश जागा मुलींच्या. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश मोफत. फॉर्मला पैसे लागत नाहीत, तो पावसाळ्याच्या सुमारास निघतो, मुख्याध्यापकांना विचारत राहा. दुसरी, आठवीत असताना द्यायची एनएमएमएस परीक्षा. सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आठवी संपते तेव्हा कायद्याने सक्तीचं शिक्षणही संपतं आणि नेमकं तेव्हाच घरात स्थळाचं बोलणं निघतं. त्या वेळी हे पैसे पोरीच्या बाजूने बोलतात.

शेवटी शाळा व्यवस्थापन समितीबद्दल. यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायलाच हव्यात आणि अध्यक्ष पालकांमधूनच होतो. समिती दर दोन वर्षांनी बदलते, बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. म्हणजे प्रत्येक शाळेत निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. पण होतं काय? सदस्य आई, बैठकीला बाप. नाहीतर वही लेकराच्या हातून घरी येते आणि आपण चुलीपुढे बसल्या बसल्या सही करून देतो. ताई, गटाच्या ठरावावर वाचून दाखवल्याशिवाय तुम्ही सही करता का? मग तिथे का करता?

या समितीच्या हातात पैसाही आहे. शाळेला पटाप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान असतं. ३१ ते १०० पट असेल तर २५,००० आणि १०१ ते २५० असेल तर ५०,००० रुपये. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. स्वच्छतागृहाला पाणी नाही, साबण नाही म्हणतात ना, तर हा तो पैसा. गणवेशाचं कामही समितीकडे आहे. २०२४-२५ मध्ये शिवणकाम माविममार्फत बचत गटांकडे आलं होतं. नंतर शासनाने ते पुन्हा समितीकडे दिलं. आपल्या शिवणकामाच्या गटांनी आता समितीलाच दर सांगावा, काम गावात राहील. आणि सलग गैरहजर मुलांची यादी दर बैठकीत वाचून दाखवा, असा ठराव घेता येतो. त्याला एक रुपया लागत नाही.

पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघाने एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा : आपल्या गावच्या शाळा समितीत गटातल्या किती जणी आहेत, त्यातल्या किती जणी मागच्या बैठकीला स्वतः गेल्या होत्या आणि या जूनमध्ये दाखला काढून अजून कुठेच नाव न घातलेल्या मुली किती. मुलींची नावं पत्रिकेत छापणार नाही. ती फक्त माझ्या वहीत राहतील, म्हणजे मला त्यांच्या घरी जाता येईल.