यीस्टला दोष देण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात एल कमिनो रिअल रस्त्यावरच्या भारतीय किराणा दुकानातून आट्याची वीस पौंडी पिशवी घरी आली की मराठी घरातला पोळ्यांचा प्रश्न सुटतो. त्याच आट्याचा ब्रेड करायला गेलं की मात्र ओव्हनमधून वीट बाहेर येते आणि खापर फुटतं यीस्टवर. यीस्ट बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

पिशवीवर प्रोटीनचा आकडा चांगला आहे, म्हणजे ब्रेडही फुगणार, हा मूळ गैरसमज. आट्यातलं सगळंच प्रोटीन ग्लुटेन बनवत नाही. काही कोंड्यातलं आणि अंकुरातलं असतं. शिवाय चक्कीत बारीक दळताना गव्हातला बराच स्टार्च फुटतो. असा स्टार्च पाणी जास्त पितो, पोळीला ते मानवतं. ब्रेडला हवी असते वायू धरून ठेवणारी ग्लुटेनची जाळी, आणि कोंड्याचे कण नेमके तीच तोडतात. अमेरिकेतलं ‘ब्रेड फ्लार’ यासाठीच वेगळं विकलं जातं: किंग आर्थर कंपनीच्या ब्रेड फ्लारमध्ये 12.7 टक्के प्रोटीन असतं, साध्या ऑल-पर्पज पिठात 11.7. नवशिक्याने निम्मा आटा आणि निम्मं ब्रेड फ्लार घ्यावं, पाणी थोडं वाढवावं आणि अर्धा तास भिजू देऊन मग मळावं. गोव्याची पोई कोंड्यासकट होते आणि झकास होते, पण ती चपटी आणि आतून पोकळ असते. उंच फुगण्याची अपेक्षा तिच्याकडून कुणी करत नाही.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. ‘तासाभरात पीठ दुप्पट होतं’ हे कृतीतलं वाक्य उबदार स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं असतं. सांता क्लारात दिवसा कडक ऊन पडलं तरी रात्री गारवा उतरतो, आणि अठरा-वीस अंश सेल्सिअसला त्याच पिठाला दुप्पट वेळही लागू शकतो. घड्याळ बाजूला ठेवून पिठाकडे पाहावं. इडलीचं पीठ ओव्हनचा दिवा लावून आत ठेवण्याची तिथल्या देशी घरांतली युक्ती ब्रेडलाही चालते. ओव्हन तापवण्याआधी भांडं बाहेर काढायचं, एवढं विसरू नये.

मिठाने यीस्ट मरतं, हेही असंच ऐकीव. पिठाच्या दोन टक्के मीठ फक्त त्याचा वेग आवरतं. मारतं ते कढत पाणी.

आणि तासभर कणीक तिंबायलाच हवी का? न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता करायची कृती 2006 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. तीन कप पीठ, पाव चमचा यीस्ट, मीठ, पाणी. सैलसर कालवून बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं आणि झाकणाच्या जड, तापलेल्या भांड्यात भाजायचं. पाणी आणि वेळ मिळाला की ग्लुटेन आपोआप जुळतं. नोकरी करणाऱ्या माणसाला याहून सोयीची कृती सापडणं कठीण.

सॅन फ्रान्सिस्को तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे आंबट सावरडो ब्रेड ‘तिथल्या हवेतच’ होतो, ही दंतकथा सांता क्लारात हटकून ऐकू येते. तिच्यामागे थोडं विज्ञान आहे. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या क्लाइन आणि सुगिहारा यांनी त्या ब्रेडमधले जिवाणू वेगळे केले; त्यांतल्या एकाला पुढे शहराचंच नाव मिळालं. नंतर तोच जिवाणू युरोपातल्या विरजणांतही सापडला. पीठ-पाणी नेमाने बदलत राहिलं, तर विरजण कुठेही धरतं.

उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये ताजा राहतो, असं वाटतं. बुरशी उशिरा येते हे खरं, पण त्या थंडीत स्टार्च पुन्हा कडक होतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा लागतो. पूर्ण गार झाल्यावर काप करून ते थेट फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागतील तसे टोस्टरमध्ये घालावेत.