डॉक्टर मुलगा सीमेवर, आई-वडील नाशकात

नाशिककरांना लष्करी गणवेशाचे अप्रूप नाही. देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण विद्यालय, नाशिकरोडचे तोफखाना केंद्र, गांधीनगरच्या तळावरून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टर्स आणि १९३७ पासून चालत आलेली भोसला सैनिकी शाळा यांमुळे सैन्य हा या शहराच्या रोजच्या परिचयाचा विषय आहे. तथापि मुलगा किंवा मुलगी लष्करात 'डॉक्टर' म्हणून जाणार असे कळले, की याच शहरातील पालक काहीसे निर्धास्त होतात. डॉक्टर म्हणजे रुग्णालय आणि रुग्णालय म्हणजे आघाडीपासून दूरची, सुरक्षित जागा, असा त्यामागचा हिशेब असतो. तो बराचसा चुकीचा आहे, आणि हे पालकांना बहुधा पहिल्या नेमणुकीनंतरच उमगते.

या सेवेशी नाशिकचे आणखी एक नाते आहे. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच 'एएफएमसी', हे म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे लष्करात जाणाऱ्या या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकचे नाव असते. लेफ्टनंट जनरल या हुद्द्यापर्यंत पोहोचलेल्या देशातील तिसऱ्या महिला, बालरोगतज्ज्ञ डॉ. माधुरी कानिटकर, २०२१ मध्ये याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याही मूळच्या 'एएफएमसी'च्याच विद्यार्थिनी.

महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. पदवीचा अभ्यासक्रम १९६२ पासून सुरू आहे. शिक्षण, निवास आणि गणवेश यांचा भार सरकार उचलते. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क ऐकून धसका घेतलेल्या मध्यमवर्गीय पालकाला हे साहजिकच मोठे वाटते. मात्र प्रवेशाच्या वेळी करारपत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही सही होते, आणि सेवा नाकारल्यास लाखांच्या घरातील रक्कम भरावी लागते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने घेतलेल्या निर्णयाचा आर्थिक जामीन घर असते. म्हणून 'फुकट डॉक्टरकी' एवढ्याच आकर्षणापोटी मुलाला या वाटेवर ढकलणे योग्य नव्हे. वाटा इतरही आहेत. अन्यत्र एमबीबीएस झालेल्यांसाठी अल्पमुदतीची सेवा असते, मुलींसाठी लष्करी परिचर्या सेवेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि बारावी विज्ञानानंतर शुश्रूषा सहायक म्हणून जवानाच्या हुद्द्यावर भरती होता येते. या सहायकांचे प्रशिक्षण लखनौच्या केंद्रात होते. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत फारसे लिहून येत नाही, पण जखमी सैनिकापर्यंत सर्वप्रथम पोहोचणारा हात बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

युद्धभूमीवरील उपचारांची साखळी कशी असते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. गोळी लागलेल्या जवानाचा रक्तस्राव जागच्या जागी थांबवला जातो. तेथून त्याला पलटणीच्या मदत चौकीत आणतात, पुढे फील्ड अॅम्ब्युलन्सकडे, मग शस्त्रक्रिया केंद्रात आणि शेवटी मोठ्या रुग्णालयात. यातील मदत चौकीचा प्रमुख म्हणजे पलटणीचा वैद्यकीय अधिकारी. हा बहुधा पंचविशीतला तरुण डॉक्टर असतो. सुमारे आठशे माणसांमागे तो एकटाच डॉक्टर, आणि पलटण जिथे जाईल तिथे तोही जातो. गोळीबार रोज होत नाही. पाण्याची शुद्धता, शौचालयांची स्वच्छता, उंचावरील विरळ हवेत फुप्फुसांत साचणारे पाणी, हिमदंश आणि घरच्या काळजीने झोप उडालेले जवान, हेच त्याचे नित्याचे काम. जिनिव्हा करारांनुसार रेडक्रॉसचे चिन्ह धारण करणाऱ्या वैद्यकीय पथकांना संरक्षण असते, आणि स्वतःच्या व रुग्णांच्या बचावापुरते हलके शस्त्र त्यांना बाळगता येते. परंतु तोफगोळ्याला हे चिन्ह वाचता येत नाही, आणि दहशतवादी करार पाळत नाहीत.

'एएफएमसी'चा दीक्षान्त संचलन सोहळा ज्या मैदानावर होतो, त्याला कॅप्टन देवाशीष शर्मा यांचे नाव आहे. वैद्यकीय दलाचा हा तरुण अधिकारी १९९४ च्या डिसेंबरात काश्मीरमध्ये जखमींवर उपचार करताना धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. खांद्यावर नवे तारे लागलेल्या मुलाचे छायाचित्र टिपणाऱ्या पालकांपैकी कितीजण त्या नावाकडे पाहतात, कोण जाणे.

मग घरच्यांनी करायचे काय? पहिली गोष्ट, प्रश्न आवरायचे. 'आत्ता नेमका कुठे आहेस?' हा आईचा अगदी स्वाभाविक प्रश्न. पण त्याचे उत्तर देण्याची मुलाला अनेकदा मुभा नसते. सीमेवरच्या सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नावही नसते. हुद्दा, पलटण आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढ्यावर पत्र पोहोचते. मुलाने पाठवलेले छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकण्याचा मोहही आवरावा. त्यातील डोंगराच्या आकारावरून किंवा पाटीवरून ठिकाण ओळखता येते. फोन आठ दिवस आला नाही, तर तो संपर्काचा प्रश्न असण्याची शक्यताच अधिक.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. डॉक्टर मुलाने पाहिलेले मरण तो घरी सांगेलच असे नाही. हाताखाली एखादा जवान दगावला, तर 'तुझा काय इलाज होता' असे सांत्वन त्याला नको असते, कारण इलाज करणे हेच त्याचे काम. अशा वेळी नुसते ऐकून घेणारा माणूस हवा. रजेवर आलेला मुलगा दोन दिवस झोपून राहिला, तर नातेवाइकांकडे जेवणाच्या फेऱ्या पुढे ढकलाव्यात. अधिकाऱ्यांना वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि वीस दिवसांची नैमित्तिक रजा असली, तरी ती केव्हा मिळणार हे पलटणीच्या गरजेवर ठरते. लग्नाचा मुहूर्त त्या हिशेबाने काढावा लागतो.

घरचे आजारपण त्याच्यापासून लपवावे का, हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. या संदर्भात सोलापूरच्या कोटणीस कुटुंबाची आठवण होते. चीनमधील जखमी सैनिकांवर उपचार करण्यासाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले २७ वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस होते. वडील शांताराम यांनी जाण्यास उत्तेजन दिले; मुलगा इतक्या दूर आणि इतक्या काळासाठी जाणार म्हणून आईचा जीव मात्र कासावीस झाला. पुढे द्वारकानाथ चीनमध्ये असतानाच वडिलांचे निधन झाले. बातमी कळूनही ते परतले नाहीत. पथकातील इतर चौघे कालांतराने मायदेशी आले. कोटणीस आठव्या मार्ग सेनेत काम करीत राहिले, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. एकाच घरातले वडिलांचे उत्तेजन आणि आईचे दुःख, दोन्ही खरी होती. आजही ज्या घरातून मूल या सेवेत जाते, तिथे ही दोन्ही एकत्रच नांदतात, आणि त्यांपैकी कोणतेही एक दडपून ठेवण्यात अर्थ नसतो. आजारपणाचेही तसेच. मुलगा स्वतः डॉक्टर आहे. अर्धवट माहितीने तो अधिकच अस्वस्थ होतो. अहवाल जसेच्या तसे पाठवणे बरे. खरोखर निकड असेल, तर पलटणीशी संपर्क साधण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

राहिली कागदपत्रे. हा विषय घरात काढणे अशुभ मानले जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. भरतीच्या वेळी 'निकटतम नातेवाईक' म्हणून आई-वडिलांची नोंद असते. लग्नानंतर ती जागा जोडीदाराकडे जाते. सियाचीनमध्ये जुलै २०२३ च्या आगीत सहकाऱ्यांना वाचवताना कॅप्टन अंशुमान सिंह यांना वीरमरण आले. तेही वैद्यकीय दलाचेच. विवाहाला जेमतेम पाच महिने झाले होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे कीर्तिचक्र पत्नी आणि आई यांनी मिळून स्वीकारले, आणि त्यानंतर या नियमात बदल व्हावा अशी जाहीर मागणी त्यांच्या आई-वडिलांनी केली. यात कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही. सैन्याच्या गटविम्यात एकाहून अधिक व्यक्तींचे हिस्से नेमता येतात, मृत्युपत्रही करता येते. लग्न ठरताच मुलाने, सुनेने आणि आई-वडिलांनी एकत्र बसून हे ठरवून टाकले, तर पुढचे पुष्कळ क्लेश वाचतात.

हेच अवलंबित आई-वडिलांच्या वैद्यकीय सुविधेबाबत. उत्पन्नाची मर्यादा आणि अन्य अटी पूर्ण होत असतील, तर देवळालीच्या लष्करी रुग्णालयात त्यांना उपचार मिळू शकतात. पण त्यासाठी अवलंबित म्हणून नोंद आणि कार्ड लागते, आणि ती नोंद मुलाला आपल्या पलटणीमार्फत करावी लागते. आईचा गुडघा दुखू लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पुढच्या फोनवरच त्याला हे सांगून ठेवावे.