‘तिकवा’ : हिब्रू धर्मग्रंथातील आशेचा अर्थ

ज्यू परंपरा ज्याला ‘तनख’ आणि ख्रिस्ती परंपरा ‘जुना करार’ म्हणते, त्या हिब्रू ग्रंथसंग्रहात आशेचा आशय व्यक्त करणारे शब्द अनेक आहेत. जलप्रलय ओसरत असताना नोहा कबुतर पुन्हा सोडण्यापूर्वी आणखी सात दिवस थांबतो, तेथे ‘याहल’ हा धीराने थांबण्याचा धातू येतो. स्तोत्रांत क्वचित ‘सेवेर’ हे नाम आढळते. या साऱ्यांत अभ्यासकांचे लक्ष सर्वाधिक वेधून घेणारा शब्द म्हणजे ‘तिकवा’. वाट पाहणे या अर्थाच्या ‘कावा’ या धातूपासून तो साधला जातो.

या शब्दाचा दुसरा अर्थ ‘दोरी’ असा आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातील राहाब ही स्त्री इस्राएली हेरांना आश्रय देते आणि त्यांना दोराने खिडकीतून खाली उतरवते. नगरावर हल्ला होईल तेव्हा तिचे घर ओळखू यावे म्हणून त्याच खिडकीला किरमिजी धाग्याची दोरी बांधण्यास हेर तिला सांगतात. हेर ज्याने खाली उतरतात त्या दोरासाठी मूळ पाठात ‘हेवेल’ हा नेहमीचा शब्द आहे, तर खुणेच्या दोरीसाठी ‘तिकवा’ योजलेला आहे. पुढे नगर पडते, पण राहाबचे कुटुंब वाचते. त्यामुळे तिच्या खिडकीतील दोरीत आशेचा अर्थ वाचण्याचा मोह अनेक भाष्यकारांना झाला, यात नवल नाही.

तथापि, एवढ्यावरून ‘हिब्रू माणसाची आशा म्हणजे ताणलेली दोरी’ असा सिद्धांत मांडणे घाईचे ठरते. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत नव्हे, तर वाक्यातील वापरात शोधावा, हा इशारा भाषाभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बायबलच्या अभ्यासकांना दिला होता. दोरी आणि आशा यांचा संबंध खुद्द लेखकाने जुळवलेला दिसतो, तेथेच तो निःशंकपणे मान्य करता येतो. असे एक स्थळ ईयोबाच्या पुस्तकात आहे. आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरतात आणि ‘तिकवा’वाचून संपतात, अशी ईयोबाची तक्रार आहे; मागाचा उल्लेख लगतच असल्याने सूत संपले आणि आशाही संपली, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ऐकू येतात.

वापराकडे पाहू लागले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘तिकवा’ हा शब्द आनंदाच्या प्रसंगापेक्षा नकाराच्या आणि शंकेच्या वाक्यांत वारंवार भेटतो. पती आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी आपल्या सुनांना परत जाण्यास सांगताना हा शब्द उच्चारते, तो आपल्याला काही आशा उरली आहे ही कल्पनाच मोडून काढण्यासाठी. ईयोब म्हणतो की, तोडलेल्या झाडालाही ‘तिकवा’ असते, कारण जमिनीत मूळ जुने झाले, बुंधा सुकला, तरी पाण्याचा नुसता वास लागताच त्याला धुमारे फुटतात. माणूस मात्र एकदा आडवा झाला की उठत नाही. यहेज्केलच्या दृष्टान्तात वाळलेल्या हाडांनी भरलेले खोरे दिसते, आणि ‘आमची आशा नष्ट झाली’ या अर्थाचे उद्गार तेथे बाबेलच्या बंदिवासातील लोकांच्या तोंडी येतात.

या पार्श्वभूमीवर यिर्मयाने बंदिवानांना पाठवलेले पत्र विशेष अर्थपूर्ण ठरते. त्यात भविष्य आणि ‘तिकवा’ देण्याचे ईश्वरी अभिवचन आहे. परंतु त्याच पत्रात बाबेलमध्येच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे बजावलेले असून सुटकेसाठी सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे. ज्यांना ते पत्र पोहोचले, त्यांतील बहुतेकांच्या हयातीत ते अभिवचन फळणार नव्हते, आणि तरीही ज्याने वचन दिले त्याच्यावर भिस्त ठेवून रोजचा संसार नेटाने चालवणे, हाच येथे आशेचा व्यवहार आहे.

आधुनिक काळातही हा शब्द धर्मग्रंथातील संदर्भ घेऊनच वावरतो. होशेयच्या पुस्तकात अखोरचे खोरे, म्हणजे संकटाचे खोरे, आशेचे द्वार होईल असे म्हटले आहे. त्यातील ‘पेताह तिकवा’ हे शब्द १८७८ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू शेतकरी वसाहतीने आपले नाव म्हणून घेतले, आणि आज ते इस्राएलमधील मोठे शहर आहे. नाफ्ताली हर्झ इम्बेर यांच्या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेतून ‘हातिकवा’ हे इस्राएलचे राष्ट्रगीत आले. मराठी मातृभाषा घेऊन कोकण-मुंबईतून तेथे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजालाही ते ठाऊक आहे. इम्बेर यांनी यहेज्केलच्या खोऱ्यातील हताश उद्गार उचलून त्यालाच नकार जोडला आणि आशा अद्याप नष्ट झालेली नाही असे म्हटले. निराशेचे शब्द न टाळता त्यांनाच उत्तर देण्याची ही रीत ‘तिकवा’च्या जुन्या वापराशी सुसंगत आहे.