स्टिक डावीकडे, पण नाक कोणी ओढलं?

आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. पण शेवटपर्यंत थांबलात, तर विमान वळतं कसं हेही कळेल.

आम्ही बंगळुरूत मारतहळ्ळीला राहतो. जवळच एचएएलची धावपट्टी आहे. 4 जानेवारी 2001 ला तेजस पहिल्यांदा उडालं ते तिथूनच. आजही गच्चीत कपडे वाळत घालताना एखादं लढाऊ विमान डोक्यावरून जातं. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला पायलट व्हावंसं वाटलं तर नवल काय! माझा मुलगा दहावीत आहे, त्याला एनडीएला जायचंय. आणि रोज संध्याकाळी तासभर तो प्लेस्टेशनवर ‘एस कॉम्बॅट 7’ खेळतो.

एकदा जेवताना म्हणाला, “आई, मला आता विमान चालवता येतं.” शेजारी माझे वडील बसले होते. त्यांची सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या कारखान्यात गेली. आधी मिग, मग सुखोई-30. ते शांतपणे म्हणाले, “दाखव बरं.”

‘एस कॉम्बॅट’ ही जपानच्या नामको कंपनीची मालिका. प्लेस्टेशनवर ती 1995 पासून आहे, सातवा भाग 2019 च्या जानेवारीत आला. याला आर्केड पद्धतीचा गेम म्हणतात. आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायची दुकानं. तिथे गिऱ्हाइकाला दोन-तीन मिनिटांत मजा यायला हवी, शिकवत बसायला वेळ नाही. म्हणून अशा गेममध्ये विमान सोपं करून ठेवलेलं असतं. खऱ्या सुखोई-30 ला शस्त्रं अडकवायच्या जागा 12. गेममधलं विमान मात्र क्षेपणास्त्रं डझनावारी घेऊन निघतं. इंधन संपायची चिंता नाही. शत्रूही जवळच, डोळ्यांना दिसेल असा. खऱ्या लढाईत तो बऱ्याचदा दिसायच्या आतच क्षेपणास्त्र सुटलेलं असतं.

बाबा यावर काहीच बोलले नाहीत. पंधरा मिनिटं बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तू स्टिक नुसती डावीकडे सारलीस. मग नाक कोणी ओढलं?”

मुलगा गोंधळला. मीसुद्धा. मग बाबांनी ताटातली पोळी उचलली, हातावर आडवी धरली आणि सांगितलं ते असं.

पंखांमुळे विमानाला वर उचलणारं बल मिळतं, त्याला उचल म्हणू. सरळ उडताना ही उचल विमानाचं वजन तोलते. आता विमान डावीकडे कललं, तर उचलही डावीकडे कलते. तिचा काही भाग विमानाला बाजूला ओढतो, आणि तो ओढतो म्हणून विमान वळतं. गाडीसारखं चाक फिरवून नाही. पण उचल कलली की वजन तोलायला ती कमी पडते आणि विमान खाली जाऊ लागतं. म्हणून पायलट स्टिक मागे घेतो, नाक वर ओढतो, उचल वाढवतो. आधी कलायचं, मग ओढायचं. ओढलं की हवेचा विरोधही वाढतो आणि वेग घटतो. म्हणजे प्रत्येक वळणाची किंमत वेगात मोजायची.

मुलाच्या गेममध्ये ही दोन्ही कामं मशीन आपोआप करत होतं. सेटिंगमध्ये शोधलं, तर नियंत्रणाचे दोन प्रकार निघाले: ‘स्टँडर्ड’ आणि ‘एक्स्पर्ट’. एक्स्पर्टमध्ये स्टिक डावीकडे नेली की विमान फक्त कलतं. वळवायचं तर स्वतः ओढावं लागतं. त्या संध्याकाळी आमचा भावी पायलट चार वेळा समुद्रात गेला. आठवड्याभरात मात्र त्याला जमू लागलं. वेग संपला की विमान ऐकेनासं होतं, नाक खाली घालतं, हेही त्याला कळलं. मला वाटतं, गेम काढून घेण्यापेक्षा ते एक बटण बदलणं जास्त उपयोगी ठरलं.

पण एक गोष्ट कुठल्याही सेटिंगमध्ये मिळत नाही, ती म्हणजे शरीरावरचा भार. 60 अंश कलून, उंची न सोडता वळलं, तर उचल वजनाच्या दुप्पट लागते. मग 60 किलोच्या माणसाला आपण 120 किलोचे झालो असं वाटतं. लढाऊ विमानात हा भार नऊपटीपर्यंत जाऊ शकतो. डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे आधी करडं, मग काळं येतं, शुद्धही हरपते. म्हणून पायलट पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख घालतात, श्वास रोखून स्नायू ताणायचं तंत्र शिकतात. त्याचा सराव देणारं, माणसाला गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज आमच्या घरापासून फार लांब नाही. जुन्या विमानतळ रस्त्यावर, हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत ते आहे. सोफ्यावर बसून अंगठ्यानं घेतलेल्या वळणात यातलं काहीच नसतं.

हे सगळं ऐकून मुलगा म्हणाला, “पण आजोबा, पडलं तरी परत सुरू करता येतं ना, म्हणून तर शिकता येतं.”

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरंय. आमच्याकडे ते बटण नव्हतं. मी तपासून सही केलेलं विमान चाचणीला वर गेलं, की ते उतरेपर्यंत मला चहा जायचा नाही. आत बसलेल्याचं घर आमच्याच कॉलनीत असायचं.”

मंडळी, तुमच्या घरी असा गेम असेल, तर एकदा एक्स्पर्ट सेटिंग लावून बघा. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. पण मुलांसोबत बसा आणि प्रत्येक वळणाला विचारा, आधी काय केलंस, मग काय केलंस, आणि वेग किती गेला.

आमच्याकडे गेम चालूच आहे. फरक इतकाच, की परवा मुलानं मध्येच खेळ थांबवला आणि विचारलं, “आजोबा, सही करायच्या आधी तुम्ही नेमकं काय काय तपासायचात?” बाबांनी चष्मा पुसला आणि कागद मागितला. यादी अजून लिहून संपलेली नाही.