कोटीतीर्थाचे बारा महिने

पहाटे 5

उठल्यावर पहिला हात लागतो तो बोर्डाला. रात्री पेपर भिजवून प्लायवूडच्या फळीवर गमटेपनं ताणून ठेवलेला असतो. त्यावर हाताची पालथी बाजू टेकवायची. गार लागला तर आत अजून ओल आहे. आश्विनातली ओल कोल्हापुरात फार चिवट. पाऊस गेलाय असं म्हणतात, पण भिंती, कपडे आणि कागद तसं म्हणत नाहीत. म्हणून या दिवसांत रात्रभर पंखा बोर्डावर असतो आणि घरातली माणसं उकाड्यात झोपतात. कुणी तक्रार करत नाही, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

सासूबाईंचा चहा, त्यांची थायरॉइडची गोळी, कणीक मळून झाकून ठेवणं. पावणेसहाला फळी स्कूटरवर दोन पायांच्या मधे उभी करून मी राजारामपुरीतून निघते.

सकाळी 6

कोटीतीर्थ तलाव. काठावर माझी जागा ठरलेली आहे आणि वर्षभर ती बदलायची नाही, असं ठरवलंय. समोर पाणी, पलीकडे झाडांची रांग, त्यामागे शाहू मिल. ही मिल शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केली. आता ती बंद आहे, पण कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर तिची चिमणी अजून उभी असते.

पेन्सिलीच्या चारपाच रेषा पुरतात. पाण्याची कड, झाडांच्या रांगेची उंची, चिमणी. मग मोठ्या ब्रशनं आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये, कारण या वेळी ते दोन्ही एकाच रंगाचे असतात. अल्ट्रामरीन, त्यात किंचित बर्न्ट सिएना. दोन्ही मिसळले की जो करडा येतो तो बाटलीतल्या कुठल्याच करड्यात नसतो, कारण अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर आपोआप एक रवाळपणा येतो. धुकं वेगळं काढावं लागत नाही.

मग थांबायचं. हे थांबणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वॉश चकाकतो तोवर त्यात रंग सोडला तर तो धावतो. चमक जाऊन नुसता ओलावा उरला की सोडलेला रंग जागेवर राहतो आणि त्याच्या कडा तेवढ्या विरघळतात. झाडं त्याच क्षणी यायला हवीत. एप्रिलमध्ये तो क्षण डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो, आश्विनात तो ताणून मिळतो. थांबलेल्या वेळात मी पाण्याकडे बघते. शाळेत आम्हाला प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र खाली उलटं काढायचं असं शिकवलं होतं. रोज बघितलं की कळतं, उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं गडद असतं आणि गडद वस्तूचं थोडं फिकं. झाडाचं प्रतिबिंब झाडाइतकं काळं पाण्यात कधीच नसतं. एवढं एक पाळलं की पाणी आडवं पडतं. नाही पाळलं तर ते भिंतीसारखं उभं राहतं.

याच काठावर आबालाल रहिमान चित्रं काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा माणूस शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला आणि तरीही राहिला कोटीतीर्थाच्या आसऱ्याला. 1922 साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली चित्रं याच तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. 1931 साली आबालालही गेले. मी या तळ्याकडे आले ती त्यांच्यामुळे. आल्यावर मात्र लक्षात आलं, त्यांचं तळं मला काढता येणार नाही. आज डाव्या हाताला जलपर्णीचा हिरवा पट्टा आहे, काठाला प्लॅस्टिक आहे. सुरुवातीला ब्रश आपणहून त्यांना वगळत असे. आता मी जलपर्णी काढते. तिचा हिरवा कच्चा, पिवळट, थोडा उर्मट असतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात, खोटं कशाला बोलू, सुंदरही असतो. ज्या हिरव्यानं तळ्याचा श्वास कोंडतो तोच हिरवा चित्राला उठाव देतो. या विचारानं मला चैन पडत नाही आणि म्हणूनच बारा महिन्यांच्या चित्रांची ही मालिका मी करते आहे.

फिरायला येणारे एक काका रोज मागे उभे राहतात.

“ताई, ते जलपर्णीचं कशाला काढताय वं? काढून टाका की.”

“काका, तळ्यातनं निघाली की चित्रातनं काढते.”

“मग काय, ऱ्हातीयच चित्रात,” म्हणत ते पुढे गेले.

सव्वासात वाजले की आवरायचं. चित्र झालेलं असो वा नसो. ऊन वर आलं की सकाळचं चित्र दुपारचं होऊ लागतं, आणि डबे व्हायचे असतात.

सकाळी 9.30

आमचं औषधाचं दुकान सीपीआर रुग्णालयाच्या रस्त्यावर. राधानगरी, गगनबावडा, पार कोकणातून माणसं या दवाखान्यात येतात. चिठ्ठी पुढे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी कधीच काढत नाही. आजारी माणसानं आपला चेहरा विश्वासानं काउंटरवर आणलेला असतो, तो माझ्या वहीसाठी नाही. हात काढते. नोटा मोजणारे, पिशवीची गाठ सोडणारे, स्ट्रिपवरची अक्षरं चाचपणारे. गर्दी ओसरली की आठवणीनं, बॉलपेननं, छोट्या वहीत. बॉलपेननं खोडता येत नाही, म्हणून नजर आधीच नीट ठेवावी लागते.

अशी नजर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. ते 1867 साली याच कोल्हापुरात जन्मले. त्यांनी आयुष्यभर माणसांच्या नेसणीतला, चालण्यातला, उभं राहण्यातला फरक टिपला. लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून बाई कुठल्या समाजातली हे त्यांच्या चित्रात कळतं. जे. जे.मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून घालवलेल्या काळावर त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. रोज रेखाटन करणाऱ्याला ते पुस्तक फार धीर देतं. त्यात प्रतिभेच्या गप्पांपेक्षा काम जास्त आहे.

फार्मसीच्या शिक्षणाचा चित्रकलेला उपयोग काय, असं मला विचारतात. खूप आहे. औषधाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात खरा घटक. रंगाच्या ट्यूबचंही अगदी तसंच. ‘सॅप ग्रीन’ हे नुसतं नाव, कंपनीगणिक आतलं मिश्रण वेगळं. पण ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर फसगत होत नाही. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, मग ट्यूब कुणाचीही असो. पीआर 83 म्हणजे अलिझरिन क्रिमसन. हा दिसायला देखणा, पण उजेडात उडून जातो. गोळ्यांवर ‘प्रकाशापासून दूर ठेवा’ लिहितात तसं या लालवर लिहायला हवं. संध्याकाळच्या आकाशात अलिझरिन वापरून चित्र खिडकीसमोर टांगलं की काही वर्षांनी संध्याकाळ निघून जाते. मी त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घेते. एखादा हौशी चित्रकार पहिल्यांदा रंग घ्यायला निघाला तर माझा सल्ला एवढाच: चोवीस रंगांची पेटी नको. सहा चांगल्या ट्यूब घ्या आणि मागचे क्रमांक वाचा.

कागदाचंही सांगून टाकते. सरावाला पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद. ही संस्था 1940 पासून आहे. मालिकेसाठी मात्र पूर्ण सुती, 300 जीएसएमचा परदेशी कागद, आणि तो महाग पडतो. फरक खळीत असतो. चांगल्या कागदाला आतून-बाहेरून जिलेटिनची खळ असते, त्यामुळे रंग वर थांबतो, पुसून उजेड परत काढता येतो. खळ कमी असली की कागद रंग पिऊन टाकतो, आणि आपल्या हातात काही राहत नाही.

दुपारी 2

दुकान दोन तास बंद. डबा खाऊन मी टाउन हॉलच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयात जाते. दुकानापासून पायी जाण्याइतकं जवळ. लोक तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू बघायला येतात, बघाव्यातही. मी थेट चित्रांकडे जाते. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर. ज्यांच्याकडे बघून या गावात पिढ्यान् पिढ्या चित्रं काढायला शिकल्या, ती माणसं इथं भिंतीवर आहेत आणि दुपारी त्यांच्यासमोर बहुतेक वेळा कुणी नसतं. मला हे सलतं. परगावचे पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा, मिसळ दाखवतो. हीही खोली दाखवा.

मी एका दिवशी एकच चित्र बघते आणि एकच प्रश्न घेऊन जाते. आजचा प्रश्न कडांचा: कुठली कड चाकूनं कापल्यासारखी ठेवलीय आणि कुठली हरवू दिलीय? जिथं नजरेनं थांबावं असं चित्रकाराला वाटतं तिथं कड ठाम असते. माझ्या कालच्या चित्रात सगळ्याच कडा सारख्या ठाम होत्या. उद्या फक्त चिमणीची उजवी बाजू ठाम ठेवायची. वहीत तेवढीच नोंद.

जलरंगाची गोष्ट निघाली की मला हळदणकरांची आठवण होतेच. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली ती हातात समई धरलेली मुलगी. ‘ग्लो ऑफ होप’, काळ 1945-46 चा. बोटांमधून झिरपणारा समईचा उजेड कागदाच्या पांढऱ्यावर, पारदर्शक रंगांच्या थरांतून उभा केलाय. चित्रासाठी उभी होती त्यांची मुलगी गीता. गीता उपळेकर पुढे आयुष्यभर कोल्हापुरातच राहिल्या आणि 2018 साली, 102 वर्षांच्या होऊन गेल्या. म्हैसूरला त्या चित्रासमोर खिळून उभ्या राहिलेल्या किती माणसांना ठाऊक असेल, की ती मुलगी त्या वेळी आमच्या गावात म्हातारी होत होती! जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो, हे मला पुस्तकातून कळलं होतं. पटलं ते बोटांच्या त्या उजेडामुळे.

संध्याकाळी 4 ते 9

दुकान. ही वेळ गर्दीची, सांगण्यासारखं फारसं काही नाही. सहाच्या सुमारास लेक शाळेतून थेट येते आणि मागच्या खोलीत इंटरमिजिएटच्या परीक्षेचा सराव करते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बरीच मुलं या ग्रेड परीक्षा देतात. कारण काहीही असो, मुलं द्यायला लागली हे चांगलंच. तिला स्थिरचित्र आवडतं, स्मरणचित्राचा कंटाळा. माझ्या मते त्या परीक्षेत सगळ्यात मोलाचा विषय स्मरणचित्र हाच. बाजार, पाणवठा, बसथांबा. समोर काही नसताना माणसं कागदावर उभी करायची. जे नीट पाहिलंय तेवढंच उतरतं.

आम्ही दोघींनी एक नेम केलाय. ती शाळेतली एक जागा काढते, मी सकाळचं कोटीतीर्थ, न बघता. आज तिच्या चित्रात शिपाईमामा घंटेपाशी उभे होते, एका पायावर भार टाकून.

“आई, ते असेच उभे राहतात. गुडघा दुखतो त्यांचा.”

तिला कंटाळा येणारा विषय तो हाच.

रात्री 10

जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत भिंतीला सुतळी बांधून चित्रं चिमट्यांनी लावली आहेत. चैत्र ते फाल्गुन, प्रत्येक महिन्याचं एक, अशी बारा. काढलेली पुष्कळ, निवडलेली बारा होतील. अजून कार्तिकापासूनचे महिने यायचे आहेत. थंडीतलं दाट धुकं मला हवं आहे, त्यात चिमणी जवळजवळ नाहीशी होते.

शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात ही बाराच्या बारा एका ओळीत लागावीत, हे माझं उद्दिष्ट. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवायचंही मनात आहे. 1888 पासूनची संस्था, तिथं निवड झाली तर हौशी माणसाला आनंद होणारच, आणि तो मी लपवणार नाही. पण आधी कोल्हापूर. ज्यांनी हे तळं लहानपणी पाहिलंय त्यांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावी. पाणी कधी चढलं, कधी उतरलं, हिरवं कुठून सरकत आलं, हे त्यांना पायांनी कळावं.

यांनी चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली. “सुरुवात श्रावणानं कर. पाणी भरलेलं आहे, आकाश छान आलंय. पहिलं चित्र बघूनच लोक आत येतात.”

“ज्येष्ठ पहिलं लावायचंय.”

ज्येष्ठाच्या चित्रात पाऊस अजून आलेला नाही. पाणी खाली गेलंय, काठाचा चिखल भेगाळलाय, आणि अर्ध्याहून जास्त कागद जलपर्णीचा आहे.

“हे घरात लावायला कोण घेणार?”

“सुटं विकायचंच नाही. बाराही एकत्र राहिली पाहिजेत. टाउन हॉलनं ठेवून घेतली तर फुकट देईन.”

ते काही वेळ ज्येष्ठाच्या चित्रासमोर उभे राहिले. मग चिमटा काढून त्यांनी ते श्रावणाच्या आधी, सुतळीच्या पहिल्या टोकाला नेऊन लावलं आणि म्हणाले, “मग फ्रेम सगळ्यांना सारखीच हवी. काचेचा दर उद्या मी विचारून येतो.”