लाज कोणाला, कोणासमोर?

तोंडाला काळे फासणे, गाढवावरून धिंड, प्रतिमेला जोड्यांचा हार, साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर: चारचौघांत लाजवण्याची ही हत्यारे चळवळींच्या हाती फार पूर्वीपासून आहेत. ती चालतील की नाही, हे मात्र लाजवायच्या माणसाला कोणत्या चारचौघांची भीड आहे, यावर ठरते.

१२ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत शिवसैनिकांनी एका पुस्तक प्रकाशनाचे आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळे फासले. पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांच्या पुस्तकाचे हे प्रकाशन त्यांनी रद्द करावे, अशी मागणी होती. कुलकर्णी तोंड न धुता, तसेच काळेठिक्कर, कसुरींसोबत पत्रकारांसमोर बसले. प्रकाशन संध्याकाळी पार पडले. त्या छायाचित्राने बाहेरच्या जगात नाचक्की झाली ती फासणाऱ्यांची. पक्षात मात्र त्यांची पाठ थोपटली गेली, कारण तिथले चारचौघे वेगळे होते.

मंदिरप्रवेशाच्या लढ्यांत हाच फरक ठळक दिसतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. लढा हक्काचा होता, पण सवर्णांच्या सदसद्विवेकाची परीक्षा घेणे हाही त्याचा हेतू होता. मंदिराचे दरवाजे लावून घेण्यात आले. रामनवमीच्या रथयात्रेत सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा सुमारे पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पुजाऱ्यांना ज्यांच्या नजरेची पर्वा होती, ते भाविक त्यांच्याच बाजूने उभे होते. मग लाज वाटायची कुणापुढे? १९३५ साली येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

पंढरपूरला साने गुरुजींनी आधी प्रेक्षक तयार केले. काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी सभा घेतल्या, गावोगावची देवळे आणि विहिरी खुल्या करवून घेतल्या आणि त्यानंतरच १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले. विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्यांना, बडव्यांना, त्यांनी शिवी दिली नाही, की धिंडीची भाषा केली नाही. पण विठ्ठलाचे दार वारकऱ्यांच्या गर्दीवर चालते आणि त्या गर्दीतले वारे आता फिरले होते. दहा दिवसांत तोडगा निघाला. नव्या राजवटीचा दबाव होताच. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. सारे श्रेय लाजेला देणे भाबडेपणाचे होईल.

हेच हत्यार वरून खाली चालवले की काय होते, ते गावोगावच्या गुड मॉर्निंग पथकांनी दाखवले. हागणदारीमुक्तीसाठी पहाटे शिट्ट्या वाजवत निघालेली ही पथके टमरेल घेऊन चाललेल्यांना गाठत, गुलाबाचे फूल देत, कधी फोटो काढत. ज्याच्या वाड्यात संडास होता तो या वेळी घरातच असे. पथकाच्या हाती सापडे तो जागा नाही, पाणी नाही म्हणून बाहेर पडलेला मजूर, नाहीतर अंधाराचा आडोसा शोधणारी बाई. त्यांना लाज होतीच, म्हणून तर ती अंधारात निघत. पथकाच्या भीतीने काहीजण आणखी लवकर उठू लागले, आणखी लांब जाऊ लागले.

जातपंचायतींचे वाळीत टाकणे हे याच हत्याराचे सर्वांत क्रूर रूप. तिथे लाजवणारे आणि बघणारे एकच असतात आणि वाळीत पडलेल्याला दुसरे चारचौघे मिळूच दिले जात नाहीत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.